किती उंचीवरून पाडणार, तेवढं सांगा

ऑनलाइन बाजारपेठा चालवणाऱ्या आणि पार्सल पोचवणाऱ्या कंपन्यांच्या धोरणप्रमुखांना खुलं पत्र

महोदय, महोदया,

मी जुनी घड्याळं दुरुस्त करून ऑनलाइन विकते. भिंतीवरची लंबकाची, टेबलावरची, अधूनमधून खिशातलीही. विकायला लागून अकरा वर्षं झाली. त्यातला निम्मा वेळ घड्याळांवर गेला आणि निम्मा खोक्यांवर, असं म्हटलं तर फारसं खोटं होणार नाही.

पत्र लिहायला बसले त्याचं कारण तुमच्यापैकी एका कंपनीकडून गेल्या महिन्यात आलेला मेल. नाव घेत नाही, कारण बाकीच्यांचे नियमही वेगळ्या शब्दांत तेच सांगतात. मेलचा विषय होता ‘विक्रेता संरक्षण धोरणातील सुधारणा’. सुधारणा अशी, की काच, चिनी माती आणि ‘जुन्या वस्तू’ या वर्गातलं काहीही वाटेत फुटलं तर ते ‘अपुऱ्या पॅकिंगमुळे’ फुटलं असं यापुढे आधीच धरून चालणार. तसं नव्हतं, हे विक्रेत्यानं सिद्ध करायचं. कसं सिद्ध करायचं, याबद्दल मेलमध्ये एक ओळ नाही.

मेल वाचला तेव्हा टेबलावर एक घड्याळ उघडून ठेवलं होतं. ते तुमच्याच गाडीतून गेलं होतं आणि तुमच्याच गाडीतून परत आलं होतं. आधी त्याची हकिकत सांगते.

एकदा चावी दिली की आठ दिवस चालणारं घड्याळ. लाकडी केस, पुढे काचेचं दार. पाठवताना लंबक काढून वेगळा गुंडाळला. लंबक ज्या पोलादी पट्टीवर टांगतात ती कागदापेक्षा जाड नसते, एका हिसक्यात पिळवटते. म्हणून तीही सोडवून पाकिटात घातली. टोल्यांच्या हातोडीखाली मऊ कागदाची घडी सरकवली. केसाला लाखेचं पॉलिश होतं, आणि अशा पॉलिशवर बबल रॅप थेट गुंडाळला तर उन्हात तापलेल्या गाडीत त्याचे गोल गोल वळ कायमचे उठतात, म्हणून आधी साधा टिश्यू कागद आणि त्यावर बबल रॅप. काचेवर पुठ्ठा. मग सगळं एका खोक्यात, ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात, आणि दोन्हींच्या मध्ये सगळ्या बाजूंनी पाच सेंटिमीटर फोम. बंद केल्यावर कानाशी धरून हलवलं. आवाज नाही. मग टेप लावली, मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर.

पाचव्या दिवशी ग्राहकाचा निरोप आला: काच फुटली आहे आणि हलवलं की आत काहीतरी खडखडतंय.

क्लेम टाकला. ग्राहकांनी काढलेल्या फोटोत खोक्याची वरची बाजू दिसत होती आणि ती धड होती. तुमचं उत्तर: ‘बाहेरील खोक्यास नुकसान दिसत नाही, त्या अर्थी आतील पॅकिंग अपुरे होते.’ मी त्यांना खोकं उलटं करून फोटो काढायला सांगितलं. खालचा एक कोपरा चांगला तीन बोटं आत गेला होता. तो फोटो पाठवला. तुमचं उत्तर: ‘बाहेरील खोके पुरेसे मजबूत नव्हते.’ म्हणजे खोकं धड असलं तर भरणं कमी, आणि खोकं दबलं तर खोकं कमी. वस्तू फुटूनही दोष तुमच्याकडे येईल असा एक तरी फोटो मला कुणी रंगवून दाखवावा.

त्या ग्राहकांनी मग तुमच्या स्क्रीनवरचं ‘परत करा’ हे बटण दाबलं. कसं भरायचं हे त्या स्क्रीनवर कुठेच नव्हतं. घड्याळ चालतं का बघावं म्हणून त्यांनी लंबक जागेवर टांगला होता. तो तसाच ठेवून घड्याळ खोक्यात घातलं, वर दोन-चार कागदांचे बोळे. त्यांचा काही दोष नाही, घड्याळ आडवं केलं की लंबक मोकळा सुटतो हे घरच्या माणसाला कुठून माहीत असणार? वाटभर तो लंबक आतून ठोकत आला. घड्याळ उघडलं तेव्हा मागच्या फळीवर लंबकाच्या चकतीनं उठवलेले सात अर्धचंद्र मी मोजले. पट्टी तुटलेली, ती अडकवायचा आकडा वाकलेला, डायलला ओरखडा. जाताना काच गेली होती. येताना घड्याळ गेलं. आणि ते माझ्या दारात पोचायच्या आधीच ग्राहकाचे पैसे तुम्ही माझ्या खात्यातून वळते केले होते.

विक्रेते नीट भरत नाहीत हे तुमचं म्हणणं सरसकट खोटं नाही. पहिल्याच वर्षी मी एक खिशातलं घड्याळ जाड पाकिटात घालून पाठवलं होतं, खोकंसुद्धा नव्हतं. जुन्या घड्याळात बॅलन्सचं चाक ज्या कण्यावर फिरतं त्याची टोकं केसाएवढी बारीक असतात. एक टोक मोडलं. चूक माझी होती, पैसे परत केले, आणि त्या दिवसापासून पाकीट बंद. पण माझ्याच धंद्यातली एक जुनी गोष्ट इथे आठवते. घड्याळं हातून पडतात हे घड्याळजींना फार पूर्वी कळलं होतं. अब्राहम-लुई ब्रेगे या घड्याळजीनं १७९०च्या सुमारास बॅलन्सच्या त्या टोकांना आधार देणारे खडे स्प्रिंगवर बसवले, हिसका बसला तर खडा दबावा आणि टोक वाचावं म्हणून. घड्याळ पाडणाऱ्यानं आपण ते पाडलं नाही हे सिद्ध करावं, असा नियम काही त्यानं काढला नाही. पडणार हे धरून त्यानं काम केलं.

मलाही तसंच काम करायचं आहे. पण त्यासाठी घड्याळ किती उंचीवरून पडणार हे मला कळायला हवं, आणि तेच तुम्ही सांगत नाही. माझी मुख्य तक्रार ही आहे. पुढची बाकी सगळी तिच्याच पोटातली.

खोक्याचं पडणं ही काही दैवाची गोष्ट नाही, ती मोजता येते. इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशन म्हणजे इस्टा ही संस्था १९४८पासून याच कामात आहे. त्यांच्या १ए या प्राथमिक चाचणीत सगळ्यात हलक्या गटातलं खोकं ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडतात: एकदा कोपऱ्यावर, त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर एकेकदा, आणि सहाही बाजूंवर एकेकदा. खोकं जड होत जातं तशी उंची कमी होत जाते, कारण जड खोकं माणूस कमरेपर्यंतच उचलतो.

७६ सेंटिमीटर म्हणजे साधारण टेबलाची उंची. तिथून पडलेलं खोकं जमिनीला लागतं तेव्हा त्याचा वेग ताशी १४ किलोमीटरच्या आसपास असतो. आता आतली वस्तू किती अंतरात थांबते त्यावर सगळं ठरतं. हिशेब शाळेतल्या पोराला जमेल असा आहे: पडायची उंची भागिले थांबायचं अंतर. एका सेंटिमीटरात थांबली तर वस्तूला स्वतःच्या वजनाच्या ७६ पट हिसका बसतो. पाच सेंटिमीटरचा फोम काही पूर्ण दबत नाही, अडीच-तीन सेंटिमीटर दबतो आणि मग दगडासारखा होतो. म्हणजे हिसका २५ ते ३० पटींवर येतो. हे सगळे सरासरीचे आकडे, क्षणभराचा हिसका याहून मोठाच. तरी घड्याळ बहुतेकदा वाचतं. पण खोकं दीड मीटरवरून पडलं, तर तेवढ्याच हिसक्यावर ठेवायला फोमही दुप्पट जाड लागतो. म्हणून उंची सांगा म्हणते. तुमच्या गोदामातल्या सरकत्या पट्ट्यांवरून, घसरगुंड्यांवरून, गाडीच्या दारातून खोकं किती उंचीवरून आणि किती वेळा पडतं, त्याच्या डोक्यावर किती वजन चढतं, हे तुमच्या अभियंत्यांना माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. यंत्रं त्यांनीच बसवली आहेत. तो आकडा जाहीर करा, मी त्याला पुरेल असं भरते. भरूनही फुटलं, तर तुम्ही सांगितल्यापेक्षा जास्त पाडलं असाच त्याचा अर्थ.

तुमच्या मदत-पानावर त्या आकड्याच्या जागी काय आहे? ‘वस्तू योग्य प्रकारे व पुरेशा प्रमाणात गुंडाळावी.’ पुरेशा म्हणजे किती, हे वस्तू फुटल्यावर तुम्ही ठरवणार. यालाच खेळ संपल्यावर नियम लिहिणं म्हणतात.

दुसरी तक्रार दराची. तुम्ही दोन वजनं काढता: काट्यावरचं आणि आकारमानाचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ५,०००नं भागायचं. दोन्हींत जे जास्त त्यावर पैसे. हवा वाहून न्यायला गाडीत जागा लागते, हे मान्य. पण यातून काय होतं ते बघा. ५० बाय ३० बाय २० सेंटिमीटरच्या खोक्याचं आकारमानी वजन ६ किलो. त्यालाच सगळ्या बाजूंनी पाच सेंटिमीटर फोम देऊन दुसऱ्या खोक्यात घातलं की बाहेरचं माप होतं ६० बाय ४० बाय ३०, आणि वजन १४.४ किलो. काट्यावर जेमतेम एक-दीड किलोची भर, बिलावर ८.४ किलोंची. एका हातानं पॅकिंग कमी म्हणून क्लेम नाकारायचा आणि दुसऱ्या हातानं पॅकिंगवरच जवळजवळ अडीच पट आकारायचं. नवा विक्रेता हा हिशेब एकदा बघतो आणि दुसऱ्या वेळी बाहेरचं खोकं काढून टाकतो. तुमच्या गोदामात फुटणाऱ्या वस्तूंपैकी किती अशा फुटतात, हे एकदा तुमच्या दरपत्रकालाच विचारा.

तिसरी विम्याची, आणि ही मला सगळ्यात झोंबते. पाठवताना स्क्रीनवर चौकोन येतो: ‘वस्तूची किंमत जाहीर करा, संरक्षण घ्या.’ किंमत लिहिली, पैसे कापले गेले. फुटल्यावर कळतं की काच, आरसे, चिनी माती आणि जुन्या वस्तू त्या संरक्षणात येतच नाहीत. हे कुठे लिहिलं होतं? अटींच्या अठराव्या की एकोणिसाव्या कलमात. पण वस्तूचा वर्ग मी त्याच स्क्रीनवर दोन ओळी वर निवडला होता, ‘जुनी घड्याळं’ असाच. जे संरक्षण देणार नाही त्याचे पैसे घेताना तुमचं यंत्र अडखळलं नाही, परत मागताना मात्र त्याला कलम आठवलं.

विमा नसेल तर वजनावर भरपाई. ही पद्धत जुनी आहे आणि नुसती तुमची नाही, तेही सांगायला हवं. विमानानं परदेशी जाणाऱ्या मालासाठी १९९९चा मॉन्ट्रियल करार आहे. त्यात वाहतूकदाराची जबाबदारी किलोमागे १७ एसडीआरवर बांधली होती; एसडीआर म्हणजे पाच मोठ्या चलनांवरून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं ठरवलेलं एकक. ती मर्यादा वाढत वाढत डिसेंबर २०२४पासून २६ झाली. धान्याला, लोखंडाला हा हिशेब शोभतो. खिशातलं घड्याळ डबीसकट अर्धा किलोचं पार्सल, म्हणजे १३ एसडीआर. त्यातला बहुतेक भाग फोमचा. पण त्याच करारात दुसरी सोयही आहे: माल सोपवतानाच खास मूल्य जाहीर करून जादा शुल्क भरलं की किलोची मर्यादा बाजूला राहते आणि जाहीर केलेला आकडा धरला जातो. म्हणजे मौल्यवान वस्तू वजनावर तोलू नये, हे करार लिहिणाऱ्यांनाही पटलं होतं. तुमच्या स्क्रीनवरच्या चौकोनाला तेवढंच करायला सांगते आहे.

‘नाजूक’ या स्टिकरबद्दल थोडक्यात. काचेचा पेला, छत्री, वर जाणारे दोन बाण ही चिन्हं आयएसओ ७८० या मानकात आहेत आणि जगभर एकच अर्थ सांगतात. पण ती माणसासाठी आहेत. तुमच्या पट्ट्यांवर खोकं वाचणारा डोळा फक्त बारकोड वाचतो. त्या स्टिकरचे वेगळे पैसे घेत असाल, तर त्यामुळे खोक्याच्या वाटेत नेमका काय फरक पडतो तेही सांगा. वेगळी पट्टी? वेगळा पिंजरा? काहीच नसेल तर स्टिकर फुकट चिकटवायला आमच्याकडे डिंक आहे.

दारात पार्सल आणून देणाऱ्या मुलावर माझा मुळीच राग नाही. त्याला दिवसाची किती दारं दिली आहेत ते तो जिना उतरताना कळतं. खोकं तो हळू ठेवत नाही कारण हळू ठेवायला दोन सेकंद लागतात, आणि ती दोन सेकंदं त्याच्याकडून तुम्ही कधीच घेतली आहेत.

अजून एक. पार्सलच्या बाहेरच्या लेबलावर तुमचं सॉफ्टवेअर माझ्या जाहिरातीचं शीर्षक जसंच्या तसं छापतं. ‘जुनं चांदीचं खिशातलं घड्याळ, चालू स्थितीत.’ वाटेतल्या प्रत्येक हाताला ते वाचता येतं. आजवर माझी दोन पार्सलं पोचलीच नाहीत, आणि दोन्हींच्या लेबलावर चांदी लिहिलेली होती. यापेक्षा जास्त मी काही म्हणत नाही.

नाजूक वस्तू ही आम्ही तुमच्या धंद्यात आणलेली नवी कटकट आहे, असा या सगळ्या नियमांचा सूर आहे. तुमच्या गाड्यांमध्ये ज्या पन्हळी पुठ्ठ्याची खोकी भरलेली असतात त्याचा इतिहास वेगळं सांगतो. माल गुंडाळायला पन्हळी कागद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत अल्बर्ट जोन्सनं १८७१ साली घेतलं, ते बाटल्या आणि दिव्यांच्या काचा धड पोचाव्यात म्हणून. तुमचं खोकं मुळात काचेसाठी जन्माला आलं आहे. त्याच खोक्यातून काच नेण्याची जबाबदारी आता तुम्हाला नको झाली आहे.

आता मागण्या.

पडण्याची उंची, किती वेळा, आणि वर चढणारं वजन, हे तिन्ही आकडे वजनाच्या गटांप्रमाणे जाहीर करा. इस्टाची एखादी चाचणी स्वीकारलीत तरी चालेल, मात्र ती एकच आणि नाव घेऊन स्वीकारा. घड्याळ, काचेची भांडी, कॅमेऱ्याची भिंगं, चित्रांच्या चौकटी अशा नेहमीच्या वस्तूंसाठी त्याप्रमाणे भरायची पद्धत चित्रांसह द्या. ती पाळून भरताना काढलेले फोटो पार्सल सोपवतानाच अपलोड करू द्या. ते मंजूर झाले, की पुढे काही फुटल्यास पॅकिंगवर बोट ठेवायचा हक्क तुमचा संपला.

त्या पद्धतीनं भरलेल्या खोक्याला आकारमानाच्या वजनात सूट द्या. फोमची जागा ही तुमच्या पट्ट्यांमुळे लागणारी जागा आहे.

जी वस्तू संरक्षणात येत नाही तिचा वर्ग निवडताच पैसे घेणं थांबवा आणि तसं त्याच जागी, मोठ्या अक्षरांत लिहा. आजवर अशा वर्गांवर घेतलेलं संरक्षण-शुल्क परत करा. ही मागणी तुम्हाला जड जाईल याची कल्पना आहे, तरी करते.

‘परत करा’ या बटणामागे विक्रेत्याची भरण्याची सूचना दाखवा. मी ती चार ओळींत लिहून द्यायला तयार आहे, पहिली ओळ ‘लंबक काढा’. ग्राहकाचे पैसे जरूर परत करा, पण वस्तू माझ्या हातात येऊन तिच्या मशीनवरचा नंबर मी जुळवेपर्यंत तरी थांबा. आणि परतीच्या वाटेवर जे मोडेल ते मी पाठवलेलं पॅकिंग नव्हतं, हे कृपा करून लक्षात घ्या.

लेबलावरून वस्तूचं वर्णन काढा. बारकोड पुरे.

क्लेम नाकारायचा असेल तर तो ज्यानं नाकारला त्या माणसानं कारण लिहावं: कुठला कोपरा, किती फोम, कुठल्या आकड्याहून कमी. ग्राहकाला खोकं टाकून द्यायच्या आधी ते सांभाळून ठेवायचा निरोप तुमच्याकडून जावा. आज तो जातच नाही आणि चार दिवसांनी तुम्ही मूळ खोकं मागता.

गेल्या महिन्यातला नियम हे सगळं होईपर्यंत मागे घ्या.

सध्या टेबलावर दुसरं एक घड्याळ भरून तयार आहे. लंबक वेगळा, पट्टी पाकिटात, आत खोकं, बाहेर खोकं, मध्ये सगळीकडून पाच सेंटिमीटर. तुमच्या स्क्रीनवर ते १४.४ किलोंचं दिसतंय. घेणाऱ्यांना दोन आठवडे थांबा म्हणून कळवलं आहे, आणि ते हो म्हणाले आहेत. वरची टेप अजून लावलेली नाही.

आपली,
जुनी घड्याळं विकणारी एक विक्रेती